दगडीपाल्याला आवतण

तीस वर्षं मी लोकांच्या जखमा धुतल्या आणि माझ्याच घरातली जखम मला दिसली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी "सिस्टर, तुम्ही असून असं कसं झालं हो?" विचारायला नको. विचारून झालंय सगळ्यांचं.

मी रंजना बगाडे. घाटाच्या पायथ्याशी तीस खाटांचं आमचं रुग्णालय आहे, तिथली ड्रेसिंगरूम माझी. कोयता लागलेले, बैलानं ढुशी दिलेले, मोटरसायकलवरून घसरलेले, सगळे माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसतात. आता औषधांची खोकी ड्रोन आणून टाकतो, केसपेपर भिंतीवरचं यंत्र ऐकून ऐकून लिहितं, पण जखम अजून माणसाच्याच हातानं धुवावी लागते. माझा हात हलका आहे म्हणतात. तोंड तिखट आहे असंही म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही.

माझे यजमान भास्कर, शिंपी. बाजारपेठेत दुकान, आणि दुकानात आजही पायानं चालवायचं मशीन. "वीज गेली की जगाचं बंद, माझं चालू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते घरातसुद्धा 'सिस्टर' म्हणतात. स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा नसेल. लग्नानंतर वर्षभर मी चिडले, मग सवय झाली, आणि आता चुकून 'रंजना' म्हणाले तर मला वाटतं, यांना ताप तर नाही ना आला?

त्यांना साखरेचा आजार पंधरा वर्षांचा. पायांची जाणीव हळूहळू गेली. खडा रुतला तरी कळायचं नाही. अशा लोकांसाठी सरकारनं बोलके मोजे काढलेत. तळव्याला काही लागलं, टोचलं, चटका बसला की मोजा ओरडतो, "पायाला धोका! पायाला धोका!" घरी ते कसे शहाण्यासारखे मोजे घालून असायचे. मी निर्धास्त.

पण मशीनच्या पायट्यावर पाय हलायला लागला की मोज्याला वाटायचं, धोका! दिवसभर दुकानातून 'पायाला धोका' ऐकून समोरचा भेळवाला हसून हसून लोळायचा. मग या शहाण्यांनी काय केलं, तर सकाळी दुकानात गेलं की मोजे काढून रिळांच्या खणात ठेवायचे आणि संध्याकाळी घरी येताना पुन्हा चढवायचे. मला ताकास तूर लागू दिली नाही. त्यातच एका दिवशी मशीनची सुई मोडली. तिचं टोक खाली पडलं आणि उजव्या तळव्यात शिरलं. कळलंच नाही त्यांना, आणि टोक पार आत गेल्यामुळं संध्याकाळी मोजाही ओरडला नाही. अंघोळ करताना तळवा बघायचा असतो, ते मी शंभर पेशंटना रोज सांगते. घरात सांगत नव्हते. मोजे आहेत की!

सतराव्या दिवशी जेवायला वाढताना मला वास आला. तो वास मी तीन खोल्यांपलीकडून ओळखते. हातातली आमटी तशीच ठेवली आणि म्हटलं, "पाय वर करा."

"जेवू तर दे गं."

"पाय वर करा म्हणते ना!"

त्यांनी केला. मी बघितलं आणि आमटीवर झाकणसुद्धा न ठेवता त्यांना दवाखान्यात नेलं.

*

आमचे सर्जन डॉ. कारखानीस फार बोलत नाहीत. त्यांनी जखमेत सळई घालून खोली बघितली, करंगळी काळी पडली होती ती त्याच दिवशी काढली, आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"तीन आठवडे बघू. हाडापर्यंत गेलं तर गुडघ्याखालून काढावा लागेल. उगाच आशा लावत नाही."

"कुठला म्हणालात, साहेब? उजवा?" यांनी विचारलं.

"हो. उजवा."

"पायट्याचा तोच आहे," असं म्हणाले आणि मग माझ्याकडं बघून उगीच हसले.

त्या दिवसापासून त्यांचं ड्रेसिंग मीच करायला लागले. पहिल्याच दिवशी सवयीनं चिकटलेली पट्टी एका झटक्यात ओढली. पटकन ओढलं की कमी दुखतं, आम्हाला असंच शिकवलंय.

"अगं, सांगून तरी ओढ," ते म्हणाले.

"तुम्हाला कळतंय कुठं?" मी बोलून गेले. मी खाली मान घालून पट्टी गुंडाळत राहिले आणि मनातल्या मनात माझ्याच थोबाडीत मारली.

*

ड्रेसिंगरूमच्या कोपऱ्यात एक हिरवं कपाट आहे. म्हणजे असतं फ्रिजएवढं, पण आत जांभळ्या उजेडात रोपं वाढतात. पुण्याच्या एका संस्थेतून यांच्या दुखण्याच्या आठ महिने आधी ते आलं आणि त्याच्यासोबत आली डॉ. शर्वरी केळुसकर. बत्तीस वर्षांची पोरगी, चहा विसरणारी, कपाटाशी डोळे लावून बसणारी.

आतलं रोप म्हणजे कुणी परदेशी पाहुणा नाही. दगडीपाला. कुणी एकदांडी म्हणतं. बांधावर, दगडी कुंपणात, शाळेच्या मैदानाकडेला उगवतो तो, लांब दांड्यावर एकच पिवळट फूल असतं बघा. गुडघा फुटला की आपण सगळ्यांनी त्याचा रस पिळलाय. शर्वरीच्या गुरूंनी त्यापुढं जाऊन एक करामत केली. पेशंटच्या कातडीचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या, त्या पेशी पाल्याच्या अर्कात मिसळून पातळ ओली पट्टी छापायची आणि ती जखमेवर लावायची. पट्टी जिवंत असते. अर्क पेशींना सांगत राहतो, वाढा, सरका, एकमेकींचा हात धरा. कडा आत सरकत येतात आणि जखम भरते.

पहिल्या खेपेला महिनोन् महिने न भरलेल्या जखमा बारा दिवसांत भरल्या होत्या. तो पाला आमच्याच डोंगरातला, वैदूपण करणाऱ्या ठकूबाई भांगऱ्यांनी दिलेला. मग त्याच ठकूबाईंकडून मुळासकट रोपं घेतली, कपाटात लावली, आणि गुण गायब. झाड तेच, माती तीच आणलेली, पाणी मोजून. पट्टी लावली तर साध्या ओल्या कापडासारखी. शर्वरीनं उजेड बदलला, खत बदललं, ऋतू बदलून बघितले. शेवटी संस्थेचं पत्र आलं, महिनाअखेर कपाट परत पाठवा.

"रंजनाताई, मी काकांना पट्टी लावीन," ती मला म्हणाली, "पण खोटं कशाला बोलू? या पाल्यात काही नाहीये."

*

दर मंगळवारी ठकूबाई ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येतात. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, काटक, हिरव्या चोळीतल्या. ती चोळी नुसत्या नजरेच्या मापानं शिवणारा शिंपी म्हणजे आमचेच हे. मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि तीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. हात जोडले.

"मावशी, तुमचा पाला द्या. मी घरीच वाटून लावते. कुणाला सांगणार नाही."

"भास्करला?" त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे भरले. "आगं मंग हात काय जोडती? सांजच्याला ये."

ड्युटी सुटल्या सुटल्या मी वाडीवर गेले. घरामागं दगडी बांध, आणि बांधभर दगडीपाला डोलतोय. मी पिशवी उघडली आणि वाकले तर ठकूबाईंनी माझं मनगट धरलं.

"आज नाय. आज आवतण. पाला उद्या."

"मावशी, समोर उभाय की पाला! तोडायला काय होतंय?"

"लग्नाला बोलवायचं तर आदल्या दिशी अक्षद देतो का नाय? मंग ह्येला कामाला न्यायचं तर न सांगता उपटायचं व्हय?"

माझा ताबा सुटला. "तिकडं पाय सडतोय आणि तुम्ही झाडाला अक्षता घालत बसा!" असं मी म्हाताऱ्या बाईवर ओरडले. त्यांनी राग धरला नाही. पदराच्या गाठीतून हळदीचे तांदूळ काढले, उकिडव्या बसल्या आणि एकेका रोपाशी बोलायला लागल्या. "उद्या येते बाई. भास्कर शिंप्याचा पाय हाय. तयार ऱ्हा." हळदीचं बोट लावायचं, तांदळाचे दोन दाणे टाकायचे आणि अंगठ्याच्या नखानं प्रत्येक पानाला तीन ठिकाणी चिमटा घ्यायचा, पार हिरवं पाणी येईपर्यंत.

"हे चिमटे कशाला?" मी धुसफुसत विचारलं.

"निजलेल्याला उठवायला. माझी आय असंच करायची."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पुन्हा हजर. त्यांनी मुकाट्यानं पाला तोडला, पळसाच्या पानात बांधला आणि माझ्या ओंजळीत दिला. मी गाडीला किक मारली.

खाली फाटा आहे. डावीकडं घर, उजवीकडं दवाखाना. घरी पाटा-वरवंटा धुऊन ठेवला होता. उघड्या जखमेवर कच्चा पाला लावू नये, जंतू जातात, हे मी सगळ्या तालुक्याला दटावून सांगते. आणि आज मीच लावायला निघाले होते. फाट्यावर थांबून मी पुडी उघडली. उगीच, धीर यावा म्हणून.

पानांवर कालचे नखाचे वण होते. ते बघून मी पुडी डोळ्यांजवळ नेली. जखमेची कड मला कळते हो, दुसरं काही कळो न कळो. त्या कडा मिटल्या होत्या. एका रात्रीत. कोरड्या, घट्ट, बदामी, वरून चकचकीत. आणि शर्वरी कपाटातल्या पानाला कात्री लावते, तेव्हा ती कड दोन दोन दिवस ओलीच राहते. ते मी रोज बघत होते, रोज पुसत होते, आणि डोक्यात काही शिरत नव्हतं.

मी गाडी उजवीकडं वळवली.

*

शर्वरीनं पाला यंत्रात घातला. पडद्यावर रेघ चढत गेली, चढत गेली आणि वरच्या कडेला जाऊन टेकली.

"हे कुठलं रोप?" तिचा आवाज बदलला होता.

"तुझ्या कपाटातल्यांचीच आई असेल," मी म्हटलं आणि आवतणाची हकीकत सांगितली. चिमट्यांपर्यंत आले तर ती खुर्चीत बसलीच.

मग तिनं मला समजावलं, आणि मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल. झाडाला पळता येत नाही. अळीनं चावा घेतला, बकरीनं ओरबाडलं, तर ते जागच्या जागी स्वतःचा इलाज करतं. एका पानाला लागलं की सगळ्या अंगभर सांगावा जातो, आणि रात्रभरात झाड जखम बुजवायची रसायनं बनवतं. तीच रसायनं आपल्या कातडीला लागू पडतात. कपाटात अळी नाही, वारा नाही, बकरी नाही. लाडात वाढलेली रोपं. त्यांना कधी काही लागलंच नाही, मग औषध कशाला बनवतील? आणि ऐन कापतानाची जखम कामाची नाही, कारण लगेच अर्क काढला की झाडाला वेळच मिळत नाही.

"आवतण ते पाला, बारा तास," ती बोटं मोजत म्हणाली. "बरोब्बर!" मग तिनं ठकूबाईंच्या मुलाखतीचा जुना फॉर्म उघडला. माती, पाऊस, उंची, सगळं भरलेलं. 'पाला कसा तोडता?' याच्यापुढं उत्तर होतं, 'हातानं.' आणि त्याखालच्या 'तोडण्यापूर्वीचे विधी' या रकान्यात शर्वरीनं स्वतः आडवी रेघ मारली होती. न विचारताच. त्या रेघेवर बोट ठेवून ती रडायला लागली. मी तिला चहा दिला, आणि समोर उभं राहून प्यायला लावला.

दुपारी आम्ही ठकूबाईंना आणलं. शर्वरीनं विचारलं, "आजी, मग रोपं दिलीत तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा तुम्ही रोप मागितलं. रोप घर बदलायला चाललं व्हतं, त्येला कशाला आवतण? आवतण औषधाला. आन् तुम्ही शिकलेली माणसं. म्हटलं, हसाल."

शर्वरीनं कपाटातल्या यंत्राच्या हाताला बारीक सुई बसवून दिली. रोज संध्याकाळी सहा वाजता प्रत्येक पानाला तीन टोचे. ठकूबाईंनी ते नीट बघितलं आणि विचारलं, "बोलायचं कोण?"

"आजी, गुण टोचण्यानं येतो. बोलण्यानं काही होत नाही."

"व्हय? मंग तुम्ही दवाखान्यात माणसाला बी न सांगताच टोचता का?"

तीस वर्षांत मी किती पट्ट्या ओढल्या असतील, सांगून किती ओढल्या? मी कपाटाच्या काचेशी वाकले आणि म्हटलं, "उद्या येते हं. माझ्या माणसाचा पाय आहे. तयार राहा." शर्वरी हसली नाही.

*

संमतीपत्रावर सही करताना यांनी पट्टीचं चित्र निरखून बघितलं. "ठिगळ आहे म्हणायचं. हिरवं, ओलं. कडेनं दुमडायला मात्र जागा ठेवा, उसवेल नाहीतर."

शर्वरीनं त्यांना सगळं खरं सांगितलं. आठ दिवस उरलेत, पाय वाचेल अशी आशा आहे, खात्री नाही. "आणि काका, नवी कातडी आली तरी तिच्यात नसा येतील असं समजू नका. आजवर कुणाच्या आल्या नाहीत. जाणीव गेली ती गेलीच."

"पायट्यावर ठेवायला पाय मिळाला तरी पुष्कळ झालं," ते म्हणाले.

त्यांच्या कातडीच्या पेशी शर्वरीनं आधीच वाढवून ठेवल्या होत्या, दुसऱ्याच दिवशी पट्टी लागली, पण पहिले तीन दिवस काही नाही. मी ड्रेसिंग करायचे आणि घरी येऊन देवापुढं बसायचे, पण काय मागायचं तेच सुचायचं नाही. चौथ्या दिवशी जखमेच्या कडेला गुलाबी रेघ दिसली, दोऱ्याएवढी. मी कारखानीसांना हाक मारली. त्यांनी भिंग लावून बघितलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. "कापायची तारीख पुढं ढकलतो," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे बँडबाजा. ते रिझल्ट संस्थेला गेले आणि महिनाअखेरीला कपाट न्यायला येणारी गाडी काही आली नाही.

आता अशी कपाटं चाळीस दवाखान्यांत आहेत. माहितीपुस्तकात त्या सहा वाजताच्या टोचणीला लांबलचक शास्त्रीय नाव आहे, पण बटणावर शर्वरीनं हट्टानं 'आवतण' असंच लिहवून घेतलंय. लोक विचारतात, काचेशी बोलल्यानं फरक पडतो का हो? झाडाला पडतो की नाही, मला ठाऊक नाही. मला पडला. माझ्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला मी आता आधी सांगते, काय करणार, कधी करणार, किती दुखेल. वेळ जास्त जातो. जाऊ दे.

पट्टी लावल्यापासूनच्या एकोणिसाव्या दिवसाचं मात्र सांगायलाच हवं. शेवटची पट्टी काढायची होती. जखम मिटली होती, नव्या बटाट्याच्या सालासारखी पातळ, गुलाबी कातडी. ठकूबाई नव्या चोळीचं कापड घेऊन दारात टेकल्या होत्या, कधी एकदा शिंपी मोकळा होतोय याची वाट बघत. मी यांचा पाय मांडीवर घेतला. सांगून काही उपयोग नाही हे मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, "अहो, आता पट्टी काढते हं. तयार राहा."

"काढ," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

कडेला थोडीशी चिकटली होती. मी हलकेच उचलली.

"आई गं!"

माझा हात जागीच थांबला. आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. शर्वरीच्या हातातला कप तसाच अधांतरी. कित्येक वर्षांत त्या पायानं मला एक हाकसुद्धा दिली नव्हती.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. "दुखलं की गं."

तीस वर्षं लोकांचं दुखणं कमी करत आले मी. त्या दिवशी नवऱ्याचा पाय छातीशी धरून, सगळ्यांसमोर हमसून हमसून रडत म्हटलं, "परत म्हणा. परत एकदा म्हणा."